माझ्या नावे आलेल्या कथा

पुस्तक वाचून संपतं, पण त्यातलं एखादं दुय्यम पात्र मनातून जायला तयार नसतं. तिचं पुढे काय झालं असेल? त्याने त्या रात्री काय विचार केला असेल? मूळ लेखकाने ते सांगितलेलं नसतं. मग एखादा वाचकच लिहायला बसतो. अशा कथांना फॅन फिक्शन म्हणतात, आणि त्या एकमेकांना भेट देण्याचा एक वार्षिक उपक्रम आहे, यूलटाइड नावाचा. तो २००३ साली सुरू झाला. सुरू करणाऱ्यांमध्ये नाओमी नोविक होत्या. 'टेमेरेअर' मालिका आणि 'अपरूटेड' ही कादंबरी लिहून पुढे त्या नामवंत झाल्या. २००९पासून हा उपक्रम 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या ऑनलाइन कथासंग्रहात भरतो.

रीत अशी : ज्यांच्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही अशाच साहित्यकृती इथे घेतात. 'हॅरी पॉटर' किंवा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चालत नाहीत, कारण त्यांवर हजारो कथा आधीच आहेत. प्रत्येकाने आपल्याला काय वाचायला आवडेल ते कळवायचं, आणि आपण काय लिहू शकतो तेही. ऑक्टोबरअखेरीच्या सुमारास जुळणी होते. आपण कुणासाठी लिहायचं ते आपल्याला कळतं. आपल्यासाठी कोण लिहितंय ते कळत नाही. कथा निदान एक हजार शब्दांची हवी आणि डिसेंबरच्या मध्याला पोचायला हवी. २५ डिसेंबरला सगळ्या कथा खुल्या होतात, पण लेखकांची नावं झाकलेली राहतात. ती १ जानेवारीला उघडतात.

मी पुण्यात राहते आणि काही वर्षं या देवाणघेवाणीत भाग घेते आहे. लिहिण्याविषयी पुष्कळ बोललं जातं; घेण्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र इथे जास्त शिकवलं ते घेण्यानेच. त्यातलं थोडं सांगते.

१. आपल्याला काय हवंय ते नेमकं सांगणं फार अवघड असतं. इथे प्रत्येक जण आपल्या अनोळखी लेखकाला एक पत्र लिहितो. त्यात आपली आवड सांगायची, काही धागे सुचवायचे. 'मला अमुक पात्र आवडतं' एवढ्याने भागत नाही, कारण वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो : का आवडतं? शिंप्याकडे माप देताना आपण नकळत पोट आत घेतो; इथे तसं करून चालत नाही. पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मागितलेल्या बहुतेक सगळ्या बाया दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीच्या कडेला उभ्या आहेत. त्यांना सगळं दिसतं आणि त्या गप्प असतात. इतकी वर्षं वाचते आहे, पण माझ्या वाचनात असं काही सूत्र आहे का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही पाहिलं नव्हतं. भेट डिसेंबरात येते. तिचा पहिला हप्ता हे पत्र लिहितानाच हातात पडतो, असं मला आता वाटतं.

२. काय नको ते सांगणं हा देणाऱ्याविषयीचा आदर आहे. पत्रात 'हे नको' अशी एक यादी असते आणि तिचा मान राखायचाच असतो. एक वर्ष माझे वडील बराच काळ अंथरुणाला खिळून होते आणि त्यातच गेले. त्या ऑक्टोबरात मी यादीत लिहिलं : दवाखाना नको, आईवडिलांचं आजारपण नको. कारण सांगितलं नाही. सांगावं लागतही नाही. आपल्यात असं काही मागणं जरा संकोचाचं वाटतं. कुणी पानात वाढेल ते खावं, आहेरात आलेलं निमूट घ्यावं, असं आपण शिकलेलो असतो. पण त्या डिसेंबरात मला मिळालेल्या कथेत एक म्हातारा बाप होता, आणि तो कथेभर ठणठणीत होता. मूळ पुस्तकात पाहिलं तर त्याला आजारी पाडणं लेखिकेला सहज शक्य होतं. कथानकाला ते सोयीचंही झालं असतं. तिने वाट बदलली होती. कुणीतरी आपल्यासाठी काय लिहिलं ते दिसतं. काय वगळलं ते दिसत नाही, आणि भेटीचा अर्धा जीव कधी कधी तिथे असतो.

३. आपण एकटेच वाचत नव्हतो हे कळण्याच्या आनंदाची सर कशालाच येत नाही. जेन ऑस्टिनची 'नॉर्दँगर ॲबी' ही तिच्या मृत्यूनंतर, १८१७च्या डिसेंबरात, प्रसिद्ध झालेली कादंबरी. तिची नायिका कॅथरीन भयकथा वाचवाचून भारलेली. एका वादळी रात्री परक्या घरातल्या काळ्या कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते. मेणबत्ती विझते, रात्रभर तिला झोप येत नाही. सकाळी बघते तर ती धोब्याकडच्या कपड्यांची बिलं : सदरे, मोजे, गळपट्टे. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण कादंबरीच्या शेवटाकडे ऑस्टिन एका वाक्यात सांगून जाते की ती बिलं विसरून गेलेला नोकर ज्या तरुणाचा होता, त्याच्याशीच एलिनॉर टिल्नीचं लग्न झालं. एलिनॉर ही कॅथरीनची मैत्रीण, जुलमी बापाच्या घरात एकटी पडलेली. तिचं सगळं प्रेम, सगळी वाट पाहणं, त्या एका वाक्याच्या मागे दडलेलं आहे.

मी मागितली ती एलिनॉर. मला आलेली कथा त्या नोकराने सांगितली होती, आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर कपड्यांचं एक बिल होतं. मालकाचे दिवस वाईट असतात तेव्हा सदरे कमी होतात, उसवलेले गळपट्टे पुन्हा पुन्हा शिवले जातात. एका यादीत एक नाजूक हातरुमाल येतो. नोकर तो धुवायला देतो, पण यादीत लिहीत नाही. ते वाचताना मी खुर्चीवरून उठले आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. जगात कुठेतरी आणखी एक जण त्या एका वाक्यापाशी थांबली होती, माझ्यासारखीच, आणि मी मागितलं नसतं तर आम्हां दोघींना एकमेकींचा पत्ता लागला नसता.

४. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आपल्याला पूर्ण माहीत असते, हा समज एका भेटीने मोडला. एका वर्षी मी महाभारतातली उत्तरा मागितली. विराटाच्या राजवाड्यात बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनाकडून ती नृत्य शिकते. पुढे अभिमन्यूशी तिचं लग्न होतं आणि थोड्याच काळात ती विधवा होते. युद्ध संपल्यावर अश्वत्थाम्याचं अस्त्र तिच्या गर्भावर येतं आणि कृष्ण त्या बाळाला जिवंत करतो. तोच परीक्षित. माझी विनंती साधी होती : युद्धानंतर उत्तरा पुन्हा कधी नाचली का?

आलेल्या कथेत ती नाचत नव्हती. ती एक पेटी उघडत होती. विराटपर्वात बृहन्नडा सारथी होऊन कौरवांवर निघते तेव्हा उत्तरा तिला सांगते की माझ्या बाहुल्यांसाठी त्यांची तलम, रंगीबेरंगी वस्त्रं घेऊन ये. अर्जुन सगळ्यांना मोहनिद्रेत पाडतो, आणि तिच्या भावाला पाठवून वस्त्रं आणवतो : द्रोण आणि कृप यांची शुभ्र, कर्णाचं पिवळं, अश्वत्थामा आणि दुर्योधन यांची निळी. हा प्रसंग मी लहानपणी हसत ऐकला होता. कथेतली उत्तरा, पोटात मूल असलेली विधवा, ती जुनी पेटी उघडते आणि एकेक बाहुली बाहेर काढते. शुभ्र, पिवळं, निळं. अभिमन्यूला घेरणाऱ्या सहा जणांमध्ये द्रोण आहेत, कृप आहेत, कर्ण आहे, अश्वत्थामा आहे. तिच्या गर्भावर अस्त्र सोडणाराही तोच. तिच्या बाहुल्या तिच्या नवऱ्याच्या मारेकऱ्यांचे कपडे घालून बसल्या आहेत.

हे सगळं मूळ महाभारतातच आहे. एका पर्वात वस्त्रं, दुसऱ्या पर्वात चक्रव्यूह, तिसऱ्यात ते अस्त्र. माझ्या डोळ्यांसमोर तिन्ही गोष्टी आयुष्यभर होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवल्या एका अनोळखी माणसाने, माझ्यासाठी.

५. गोष्ट आपल्या घरची असली तरी तिच्यावर आपली मालकी नसते. उत्तरेची कथा लिहिणारी व्यक्ती भारतातली नव्हती. नावं उघडल्यावर तिनेच हे सांगितलं. तिने महाभारत इंग्रजी भाषांतरातून, सलग, पर्वामागून पर्व वाचलं होतं. मी ते आजीच्या तोंडून, दूरदर्शनवरून, पुस्तकांतून, तुकड्यातुकड्यांनी घेतलं होतं. तिच्या वाचनात पर्वं एकामागून एक आली, म्हणून तिला वस्त्रांचे रंग आठवत राहिले. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय'मधून कर्णाला बोलतं केलं, त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं आणि कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. त्याच्याही कितीतरी आधी जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्यांमधून सीतेचा वनवास आपल्या शब्दांत गायला होता. जुन्या गोष्टीत शिरून तिच्यातल्या गप्प माणसाला बोलतं करणं ही आपली जुनी सवय आहे. मग दूरच्या कुणी तेच केलं तर ते परकं कसं म्हणू? जिने बारकाईने वाचलं आणि आदराने लिहिलं, तिचा त्या गोष्टीवर माझ्याइतकाच हक्क आहे.

६. मनाजोगती नसलेली भेटही पूर्ण भेट असते. डोडी स्मिथची 'आय कॅप्चर द कॅसल' (१९४८) ही माझी लाडकी कादंबरी. पडक्या किल्ल्यात राहणारी सतरा वर्षांची कॅसांड्रा वहीत आपलं घर टिपत असते. तिला सायमन आवडतो, पण त्याचं मन तिच्या बहिणीत गुंतलेलं, आणि शेवटी तो अमेरिकेला निघून जातो. कॅसांड्राचं पुढे काय, हे पुस्तक सांगत नाही, आणि तेच मला त्या पुस्तकाचं मोठेपण वाटतं. मला आलेल्या कथेत सायमन परत आला होता आणि दोघांचं सुखाचं लग्न झालं होतं. कथा नेटकी होती, कॅसांड्राचा आवाज तर अगदी हुबेहूब. पण मी जो शेवट उघडा ठेवून जपला होता तो कुणीतरी बंद केला होता, आणि मला हुरहूर लागली.

इथला एक नियम मी त्या दिवशी नीट समजून घेतला. मागणाऱ्याने पात्रं मागायची, सुचवायचं काही असेल ते सुचवायचं, पण त्या सूचना पाळायच्या की नाही हे लिहिणाऱ्याच्या हाती. मी शेवट उघडा राहावा असं म्हटलं असतं, तरी ती विनंतीच राहिली असती. कुणीतरी आपल्या संध्याकाळी खर्च करून कॅसांड्राला सुखी केलं होतं. त्या व्यक्तीला कदाचित तिचं एकटेपण सोसलं नसेल. मला कथेतली एक गोष्ट खरोखर आवडली होती : लग्नानंतरही कॅसांड्रा वही सोडत नाही, आणि सायमनने ती कधी मागू नये असं ठरवते. मी तेच लिहून कळवलं. खोटं कौतुक करावं लागलं नाही. शोधलं तर जवळजवळ प्रत्येक भेटीत मनापासून दाद द्यावी असं काहीतरी असतं, आणि ते शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

७. नाव माहीत नसताना मानलेले आभार सर्वांत निर्मळ असतात. नाताळापासून नववर्षापर्यंतचा तो एक आठवडा मला फार प्रिय आहे. हातात कथा असते आणि देणारा कोण ते ठाऊक नसतं. ती नवखी आहे की अनेक वर्षं लिहिणारी, तिचं नाव मोठं आहे की नाही, आपली तिच्याशी ओळख आहे का, काहीच माहीत नसतं. त्यामुळे मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून लिहिण्याचा मोह होत नाही आणि नवख्या माणसाला पाठीवर थाप मारल्यासारखं बोलण्याचाही होत नाही. समोर फक्त मजकूर असतो. एरवी आपण पुस्तक हाती घेताना लेखकाचं नाव, पुरस्कार, आवृत्ती, कुणी शिफारस केली, हे सगळं घेऊनच वाचायला बसतो. इथे वर्षातून एक आठवडा यातलं काही नसतं. १ जानेवारीला नावं उघडतात, तीही बहुतेक टोपणनावंच. तोवर मी जे म्हटलेलं असतं ते कथेला उद्देशून असतं, आणि त्यात बदल करावासा मला कधी वाटलेला नाही.

८. 'छान आहे' एवढं म्हणणं पुरेसं नसतं. कथेखाली कुडोसचं बटण असतं. ते दाबलं की आवड पोचते. पण ज्याच्या नावाने कथा लिहिली आहे त्याने बटणावर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. कथा लिहिणाऱ्याने ऑक्टोबरपासून एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं. त्याने आपलं पत्र पुन्हा पुन्हा वाचलेलं असतं, मूळ पुस्तक नव्याने काढलेलं असतं, कुणाकडून तरी मसुदा तपासून घेतलेला असतो. मग तो वाट बघतो. म्हणून मी कथा आल्या दिवशीच वाचते आणि त्याच दिवशी लिहिते. काय लिहायचं याची माझी एक सवय झाली आहे : कुठे थांबले, कोणती ओळ दुसऱ्यांदा वाचली, मूळ पुस्तकातली कोणती जागा आता मला वेगळी दिसेल. बिलांच्या कथेबद्दल मी त्या न लिहिलेल्या हातरुमालाविषयीच एक परिच्छेद लिहिला. लेखिकेने उत्तरात सांगितलं की संपूर्ण कथा तिला त्या हातरुमालापासून सुचली होती. नेमकी दाद हीच लेखकाला मिळालेली परतभेट असते. आपण मराठी माणसं गाण्याच्या बैठकीत समेवर दाद द्यायला चुकत नाही. लिहिणाऱ्यालाही तशी जागेवर दाद हवी असते.

९. ऐनवेळी आलेली मदत दुय्यम नसते. ठरलेल्या मुदतीत प्रत्येकाला कथा पुरी करता येतेच असं नाही. आजारपण येतं, नोकरी जाते, घरात काहीतरी घडतं. अशा वेळी लिहिणारा माघार घेतो, आणि आयोजक ती मागणी स्वयंसेवकांसमोर ठेवतात. जो उचलेल तो थोड्या दिवसांत कथा लिहून देतो. याला पिंच हिट म्हणतात. एलिनॉरची ती कथा अशी आलेली होती. माझ्यासाठी आधी दुसरंच कुणी लिहिणार होतं, हे मला नववर्षाच्या दिवशी कळलं. ज्या व्यक्तीने ती उचलली तिने आपली स्वतःची नेमलेली कथा आधीच देऊन टाकली होती. माझी मागणी यादीत पाहिली, 'नॉर्दँगर ॲबी' कपाटातून काढली आणि बसली.

याशिवाय 'ट्रीट' नावाच्या कथा असतात. कुणीही सांगितलेलं नसताना, केवळ पत्र वाचून आवडलं म्हणून कुणीतरी लिहून ठेवतं. हजाराहून कमी शब्दांच्या अशा कथांसाठी 'यूलटाइड मॅडनेस' नावाचं वेगळं दालन असतं. वडील गेले त्या वर्षी मला तिथे एक अगदी छोटी कथा मिळाली, सुझॅना क्लार्कच्या 'पिरानेसी'वर. २०२०च्या या कादंबरीत अंतहीन दालनांचं एक घर आहे. त्यात पुतळे आहेत, भरती-ओहोटी आहे, आणि नायक तिथल्या मृतांच्या अस्थींची नेमाने काळजी घेतो, त्यांना फुलं वाहतो. त्यांपैकी एकाच्या अस्थी बिस्किटांच्या डब्यात आहेत. माझ्या कथेत तोच बोलत होता : आपल्याला कुणीतरी रोज भेटायला येतं याचं त्याला समाधान होतं. त्यात दवाखाना नव्हता, आजारपण नव्हतं. माझी यादी पाळलेली होती. आणि तरी मला त्या डिसेंबरात जे हवं होतं ते तिथे होतं. मी ते मागितलेलं नव्हतं, कारण मला ते मागता आलं नसतं.

१०. घेतलेलं परत फेडायचं असतं, पण ज्याने दिलं त्यालाच नव्हे. ही गोष्ट मला उशिरा उमगली आणि सगळ्यांत खोल रुजली. या उपक्रमात मी एकासाठी लिहिते आणि माझ्यासाठी लिहिणारा तिसराच असतो. जुळणीच तशी होते. आपल्याकडे आहेराची वही असते. कुणी किती दिलं ते लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं जातं. त्या वहीलाही एक माया आहे, नातं चालू ठेवण्याची. पण इथे वही ठेवताच येत नाही. उत्तरेची कथा लिहिणारीला मी काय परत देऊ? तिला हवी असलेली पुस्तकं मी वाचलेलीही नव्हती. मी एवढंच करू शकत होते की पुढच्या ऑक्टोबरात ज्या कुणाचं पत्र माझ्या हाती येईल, ते तिने माझं वाचलं तितक्याच बारकाईने वाचायचं. त्या वर्षापासून मी माझ्या वाट्याला आलेलं पत्र वाचताना आधी 'नको'ची यादी वाचते. मग मूळ पुस्तक सलग, पहिल्या पानापासून वाचते, आठवणीवर विसंबत नाही. दिवाळीचा फराळ आणि हे वाचन दर वर्षी एकाच सुमारास येतं, आणि दोन्ही मी मनापासून करते.

११. जिथे काहीच विकायचं नसतं, तिथे कामाचा दर्जा घसरत नाही. या कथांचे कुणाला पैसे मिळत नाहीत. ज्या संग्रहात त्या राहतात तो चालवणारी ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था २००७ साली स्थापन झाली. तिथे जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवक करतात आणि खर्च देणग्यांवर चालतो. २०१९ साली या संग्रहाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण मी दर्जाविषयी बोलते आहे ती त्या पुरस्कारामुळे नाही. मला मिळालेल्या कथांमध्ये संदर्भ तपासलेले होते, शैली मूळ लेखकाच्या जवळ नेलेली होती, एकेका शब्दावर वेळ घातलेला होता. या सगळ्या मेहनतीचा ठरलेला वाचक एकच होता. बाकीच्यांनी वाचलं तर आनंदच, पण एकाला आवडलं तरी काम पुरं झालं, अशा भावनेने लिहिलेलं गद्य मी इतरत्र फार कमी वाचलं आहे. आपल्या मराठीत वाचक कमी झाल्याची चिंता आपण सतत करतो. एका वाचकासाठी जीव ओतून लिहिणारी माणसं पाहिल्यापासून मला त्या चिंतेपेक्षा एक दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : जो एक वाचक आहे, त्याच्यासाठी आपण किती मन लावून लिहितो?

१२. चांगला घेणारा होणं हे वाचनाचंच पुढचं पाऊल आहे. आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगणं, काय सोसणार नाही तेही सांगणं, आलेलं लगेच आणि लक्ष देऊन वाचणं, त्यातलं खरं चांगलं शोधून नाव घेऊन सांगणं, आणि मिळालेलं दुसऱ्या कुणाकडे पोचवणं. यासाठी यूलटाइडच हवं असंही नाही. कुणी पाककृती लिहून पाठवते, कुणी जुन्या फोटोमागची हकिकत सांगतो, कुणी आपल्यावर कविता करतं. त्या सगळ्याला हेच लागू पडतं.

तुमच्याही मनात असं एखादं पात्र असणारच, ज्याला मूळ लेखकाने एका वाक्यात निरोप दिला आणि तुम्ही अजून दिलेला नाही. ते कोण आणि का, हे आज एका कागदावर लिहा आणि तुमच्याइतकंच वाचणाऱ्या एखाद्या माणसाला द्या. त्याला म्हणा, माझ्यासाठी याची गोष्ट लिही. मागायला लाजू नका. आणि त्याने लिहून आणली, तर त्याच दिवशी वाचा.